चेंज रिपोर्टसाठी देणगी

संस्थांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. सोलापुरातली वाचनालयं, तालीम मंडळं, देवळांचे ट्रस्ट, दोनचार शिक्षणसंस्था यांचे धर्मादाय कार्यालयातले अर्ज आणि आयकराची विवरणपत्रं आमच्या ऑफिसातून जातात. देणगीदारही येऊन बसतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एटी-जीची, म्हणजे आयकरात सूट देणारी पावती मिळेल का, आणि दुसरा पाटी कुठे लागेल. त्यामुळे ठाण्याहून आलेल्या बाई खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "ज्या खर्चाला कुणीच पैसे देत नाही असा एखादा खर्च सांगा," तेव्हा मी आधी चहा सांगितला.

बाई निवृत्त शिक्षिका, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाच्या. वडील रेल्वेत होते, त्यांची काही वर्षं सोलापूर डिव्हिजनमध्ये गेलेली. "आमच्याकडे शेंगाचटणी तेव्हापासून आहे," म्हणाल्या. मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. हा समाज मूळचा कोकणातला. गावावरून पडलेली 'कर' लावलेली आडनावं, तेलाचे घाणे, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोकांनी ठेवलेलं 'शनवार तेली' हे नाव, एवढं मला वाचून माहीत होतं. १९४८नंतर बरेचसे इस्राएलला गेले. आता भारतात सगळ्या प्रकारचे यहुदी मिळून काही हजारच, आणि त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, १८७९चं. २०१६मध्ये राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

त्यांच्या नात्यागोत्यातल्या लोकांनी मिळून एक छोटा निधी चालवलाय. ट्रस्ट वगैरे काही नाही, दरवर्षी वर्गणी काढायची आणि वाटून मोकळं व्हायचं. मलिद्याचा कार्यक्रम झाला की बैठक. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळांच्या फोडी घालून एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. तो खाऊन झाला की वही उघडते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं, दफनभूमीच्या कुंपणाची डागडुजी अशा बाबी असतात. एक बाब मात्र माझ्या डोक्यातून जाईना: मुलांच्या हिब्रू वर्गाचं रिक्षाभाडं.

"वर्ग होता, शिकवणारा होता, पुस्तकंही होती," बाई सांगत होत्या. "मुलं येत नव्हती. कोण कल्याणला राहतं, कोण मीरा रोडला. स्टेशनपासूनचं भाडं आम्ही द्यायला लागलो आणि वर्ग भरला."

यहुद्यांमध्ये देण्याची व्यवस्था जुनी आणि बारीक विचार केलेली आहे. ओआरटी ही धंदेशिक्षण देणारी संस्था १८८०मध्ये रशियात निघाली. न्यूयॉर्कला १८९२पासून बिनव्याजी कर्ज देणारी मंडळी आहे. बोस्टनमध्ये १८९५मध्ये सगळ्या यहुदी धर्मादाय संस्थांनी मिळून एकच वर्गणी गोळा करायची आणि गावातल्या कामांना वाटून द्यायची अशी फेडरेशनची पद्धत सुरू झाली. 'जॉइंट' ही अमेरिकेतल्या यहुद्यांची मदतसंस्था १९१४ची, तिचं काम मुंबईतही आहे. बाईंचा निधी या सगळ्यांपुढे चिल्लर. पण ही चिल्लर रिक्षाभाड्यापर्यंत पोचते. दरवर्षी एक रक्कम समाजाबाहेर, कुटुंब कधीकाळी जिथे राहिलं त्या गावाला द्यायची, असाही त्यांचा रिवाज. यंदा सोलापूर, रक्कम चाळीस हजार.

मी त्यांना पूर्व भागात नेलं. तिथे विडी कामगारांच्या मुलींची एक अभ्यासिका आहे, एका खोलीची. आई दारात सुपात पानं घेऊन बसलेली, घरात पाय ठेवायला जागा नाही, मग मुलीने दहावीचा अभ्यास करायचा कुठे? म्हणून ही खोली. चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. घरी तेलुगू, आमच्याशी खास सोलापुरी.

आम्ही पोचलो तर अक्कांनी मुली रांगेत उभ्या केलेल्या. टेबलावर नारळ, घडी न मोडलेली चादर. सोलापुरात पाहुणा चादरीशिवाय परत जात नाही. ठाण्याच्या बाईंनी चादर घेतली, कापडावरून हात फिरवून विणीचं कौतुक केलं, पण फोटोला नाही म्हणाल्या. अक्कांना वाटलं, काहीतरी चुकलं. बाईंनी मग मायमोनिडीसचं सांगितलं. बाराव्या शतकातला हा यहुदी धर्मपंडित आणि वैद्य. त्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात. कुरकुरत देणारा सगळ्यात खाली. त्याच्या बऱ्याच वर, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा, अशी पायरी. सगळ्यात वर मात्र, माणसाला पुन्हा मागावं लागू नये म्हणून त्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देणारा.

"फोटो काढायचाच असेल तर लाईटच्या मीटरचा काढा," बाई म्हणाल्या. मुली हसल्या आणि रांग मोडली.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"कंप्युटर नको मॅडम, दोन हायेत की," अक्का म्हणाल्या. "पैसेबी हायेत बँकेत. निघंनात."

इथून पुढचं माझ्या धंद्यातलं. खात्यावर साठ-एक हजार पडून होते. सह्या अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या. अध्यक्ष वारले, सचिव यंत्रमागाच्या कामासाठी भिवंडीला गेले. नवे विश्वस्त ठरावाने नेमले, ठराव वहीत लिहिला, आणि तिथेच थांबले. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५०चा कायदा आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीत, नवी नावं चढल्याशिवाय बँक सही बदलून देत नाही. उशीर झाला तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, वर थकलेली ऑडिटं. त्या भानगडीत अक्का खोलीचं भाडं स्वतःच्या पेन्शनीतून भरत होत्या. असल्या कामाला कोण पैसे देतं? चेंज रिपोर्टचं उद्घाटन होत नाही.

मी बाईंना म्हटलं, "हाच तुमचा खर्च."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुमचंच बिल की."

खरं होतं. मी सुचवलेल्या खर्चातला मोठा भाग माझ्याच ऑफिसच्या फीचा होता. दुसऱ्याकडून दर मागवा, म्हटलं. त्यांनी तिथूनच ठाण्यातल्या ओळखीच्या सीएला फोन लावून सोलापुरातल्या एकाचा नंबर काढला. त्याचा आकडा माझ्यापेक्षा जास्त निघाला, तेव्हा कुठे काम माझ्याकडे आलं. मला याचा राग आला नाही. उलट सगळ्या देणगीदारांनी असं एकदा तरी विचारावं.

देणगी खात्यावर भरून उपयोग नव्हता, तीही अडकली असती. म्हणून ठरलं की घरमालकाला भाड्याचा चेक परस्पर द्यायचा, वीजबिल ऑनलाइन भरायचं, अर्जांचा खर्च आणि ऑडिटची फी बिलाप्रमाणे. पावत्या सगळ्या संस्थेच्या नावाने. अहवाल म्हणून अक्कांनी मराठीत हाताने लिहिलेलं एक पान पुरे. चाळीस हजारांसाठी वीस पानी फॉर्म आणि तीन महिन्यांनी प्रगती-तक्ता मागणारे देणगीदार मी पाहिलेत. त्या तक्त्यांतच अर्धा कार्यकर्ता खर्ची पडतो.

संध्याकाळी ऑफिसात बाईंच्या भाच्याचा इस्राएलमधल्या अश्दोदहून व्हिडिओ कॉल आला. त्याला इन्व्हर्टर द्यायचा होता. मी नाही म्हटलं. तो इस्राएली नागरिक, म्हणून मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी त्याचा पैसा कायद्याने परदेशी अंशदान. ते घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षांची हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत पंधरा लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. अक्कांच्या खोलीला पंधरा लाख खर्चायला किती वर्षं लागतील, हिशेब कराच.

"अहो काका, माझी आजी सोलापूरला राहिलीय!" भाचा मराठीतच तावातावाने म्हणाला.

"आजीचं बरोबर आहे, पासपोर्ट तुमचा बघतात."

"मग मी परस्पर बिल भरतो."

"तेही नको."

त्याची चुलतबहीण दुबईत नोकरीला आहे, भारतीय पासपोर्टवर. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी अंशदानात मोडत नाही. इन्व्हर्टर तिने स्वतःहून आणि स्वतःच्या पगारातून दिला. भाचा माझ्यावर अजून थोडा नाराज आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ, म्हणजे सुट्टीचा पवित्र दिवस, सुरू होतो. दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं म्हणून बाई पहाटेच्या वंदे भारतने निघाल्या.

पुढचं काम नेहमीचं रखडत गेलं. मृत्यूचा दाखला, सचिवांचं ना-हरकत पत्र, नोटीस, तारीख, पुन्हा तारीख. सचिव एकदा भिवंडीहून येऊन जबाब देऊन गेले, त्यांचं एसटीचं भाडंही निधीतूनच दिलं. आदेश झाला, उतारा मिळाला, बँकेने सह्या बदलल्या आणि अडकलेले पैसे मोकळे झाले. संस्थेच्या करमाफीचा ट्वेल्व्ह-ए आणि देणगीदाराच्या सवलतीचा एटी-जी, हे अर्जही लावून टाकले. एटी-जीचा कागद हातात आल्यावर इथल्या एका टॉवेल कारखानदाराने विद्यार्थिनींच्या परीक्षा फीसाठी पैसे दिले. गावातलाच माणूस, पण पावती मिळत नव्हती म्हणून इतकी वर्षं थांबलेला.

दुसऱ्या वर्षी निधीने खोलीचं भाडं दिलं. तिसऱ्या वर्षी अक्कांचं पत्र मी स्वतः पाठवलं, गणिताच्या शिक्षिकेच्या मानधनासाठी. उत्तर आलं की एका संस्थेला लागोपाठ दोनच वर्षं द्यायचं असा त्यांचा नियम आहे, नाहीतर संस्था त्यांच्यावरच उभी राहते. मला हा नियम पटत नाही, तसं बाईंना फोनवर सांगितलंही. भाडं आणि मानधन हे खर्च दोन वर्षांत संपत नसतात, आणि गणिताची बाई टॉवेलवाल्याच्या एकदाच्या देणगीवर वर्षभर टिकत नाही. बाई म्हणाल्या, बैठकीत मांडते, पण आशा ठेवू नका. अक्कांनी तोवर आयांकडून महिन्याला पन्नास रुपये घ्यायला सुरुवात केलीय. निम्म्या देतात. उरलेल्या मानधनासाठी मी सध्या एका पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या मागे आहे. त्यांना पाटी हवीय, आणि अक्का पाटीला तयार आहेत.