भिंत ३१ ला नव्हतीच

शनिवार, रात्री ९:१५

उद्याच्या मॅरेथॉनचा बिब (छातीवरचा नंबर) शर्टाला लावून झाला एकदाचा. चार सेफ्टी पिना आणि तीन प्रयत्न. पहिल्यांदा वाकडा, दुसऱ्यांदा इतका खाली की जेलचा (धावताना खायच्या गोड पाकिटांचा) पट्टा त्याच्यावर येत होता. बूट, मोजे, टोपी, व्हॅसलीन, सगळं जमिनीवर मांडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, बाकी तेरा जणांनी पण अगदी तसलाच फोटो टाकला होता. दोन आठवडे टेपर चालू आहे म्हणजे धावणं निम्म्यावर आणलंय, त्यामुळे पाय नुसते फुरफुरतायत आणि डोकं भलतंच काहीतरी शोधून काढतंय. काल डावा गुडघा दुखत होता, आज उजवा. कोच म्हणतात टेपरमध्ये सगळ्यांनाच असं होतं, लक्ष देऊ नका.

प्लॅन लिहून ठेवते म्हणजे नंतर पळवाट नको. टार्गेट ४:३० तास, म्हणजे किलोमीटरला ६:२४ मिनिटं. पहिले पाच ६:३५ ने, कितीही हलकं वाटलं तरी. दर चाळीस मिनिटांनी जेल. पाणी प्रत्येक स्टेशनवर दोन घोट, जास्त नाही (नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते डिहायड्रेशनपेक्षा वाईट पडू शकतं, हे आम्हाला क्लबात घोटून घोटून सांगितलंय).

झोप येणार नाहीये. तरी पडते.

रविवार, संध्याकाळ

४:४६:१८.

झालं. मेडल गळ्यात आहे अजून, काढावंसं वाटत नाहीये आणि बघावंसंही वाटत नाहीये.

सकाळपासून सांगते. टॉयलेटच्या रांगेत ३५ मिनिटं गेली, माझ्यापुढे निदान साठ माणसं आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव. मग कॉरलमध्ये, म्हणजे सुरुवातीला धावणाऱ्यांचे कप्पे पाडतात त्यातल्या एकात. सहा महिने आम्ही चौदा जण एकत्र धावलो, पहाटेच्या अंधारात एकमेकांच्या पावलांचे आवाज ओळखून, आणि ऐन दिवशी अर्धे पुढच्या कॉरलमध्ये, अर्धे मागच्या. माझ्या कॉरलमध्ये ओळखीचे दोघंच, क्लबातले आमचे काका आणि हिरव्या बनियनवाला तो एक. बंदूक वाजली आणि आम्ही जागच्या जागी उभेच! स्टार्टच्या रेषेपर्यंत पोचायला ११ मिनिटं लागली. वेळ मोजणाऱ्या चिपचं घड्याळ रेषेवरच्या मॅटवरून गेल्यावर सुरू होतं, त्यामुळे नुकसान काही नाही, पण हजारो लोकांच्या घोळक्यात तुरुतुरु चालत मॅरेथॉन सुरू करणं विचित्रच वाटतं.

अर्ध्यापर्यंतचं काय लिहू, मस्त गेलं. दोन्ही बाजूंना लोक, ढोल, शिट्ट्या, बिबवर नाव छापलेलं असतं त्यामुळे वाटेल तो माणूस नावाने हाक मारतो आणि दर वेळी मी खुळ्यासारखी वळून बघते की कोण ओळखीचं. २१ व्या किलोमीटरला २:०९:५०. टार्गेटच्या पाच मिनिटं पुढे! मनातल्या मनात मी पाच मिनिटं बँकेत टाकली.

२८ पासून काहीतरी बिघडत होतं पण नक्की काय ते कळत नव्हतं. आणि ३१ ला डाव्या पोटरीत क्रॅम्प आला. असा आला की पाय कोणीतरी पिळून वाळत घातलाय. कठड्याला धरून उभी राहिले, एका स्वयंसेवक मुलीने स्प्रे मारला, म्हणाली, ‘ताई, हळू हळू चालत जा, होईल.’ तिथून पुढे चाल, धाव, चाल. उरलेले ११ गुणिले ७ किती, हे मला येईना. खरंच येईना. शाळेत पाढे धडाधड म्हणायचे मी, आणि ३३ ते ३४ हा अख्खा किलोमीटर मी सात एके सात पासून सुरू करत होते आणि मध्येच हरवत होते. एक छोटा मुलगा टाळी द्यायला हात पुढे करून उभा होता तर मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले, हात उचलायची ताकद नव्हती म्हणून. त्या पोराबद्दल अजून वाईट वाटतंय.

३७ आणि ३८ च्या मध्ये कुठेतरी काका मागून आले. साठी उलटलेले, तीच जुनी टोपी, श्वास असा की जणू दूध आणायला निघालेत. ‘अगं, चल, येतेस का?’ म्हणाले. मी मान हलवली. ‘मान वर ठेव, रस्ता बघू नकोस,’ म्हणाले आणि गेले. पेस बदललासुद्धा नाही.

४२ चा बोर्ड गेल्यावर अजून १९५ मीटर असतात. हे १९५ मीटर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमुळे आपल्या मागे लागलेत, विंडसर कॅसलपासून शर्यत सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बॉक्ससमोर संपवली, आणि पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. एरवी ही गोष्ट मी नवीन लोकांना कौतुकाने सांगते. आज मी त्या बॉक्सला मोठ्याने शिवी दिली, शेजारचा दचकला.

थोडक्यात, क्रॅम्प आला नसता तर जमलं असतं.

सोमवार

जिना उतरता येत नाहीये. चढताना ठीक, उतरताना मांड्या नाहीच म्हणतात. उलटी वळून, कठडा धरून उतरते. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं नख काळं पडलंय.

ग्रुपवर सकाळपासून २०० मेसेज आणि त्यातले निम्मे घड्याळावरून. कोणाचं ४२.६ दाखवतंय, कोणाचं ४२.९, माझं ४२.८१, आणि ‘कोर्स जास्तीचा होता’ असा एक गट तयार झालाय. कोचनी शांतपणे समजावलं की कोर्स सायकलने मोजतात, चाकाला मोजणी यंत्र लावून, आणि मोजतात तो सगळ्यात छोटा मार्ग, वळणावर कडेपासून जेमतेम ३० सेंटीमीटर अंतर ठेवून, वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात की चुकून कमी भरायला नको. आपण काय करतो, गर्दी चुकवत नागमोडी पळतो, पाण्यासाठी या कडेहून त्या कडेला जातो, वळणाला बाहेरून वळसा घालतो, शिवाय उंच इमारतींच्या मध्ये जीपीएस कुठल्या कुठे उड्या मारतं. म्हणजे जास्तीचे सहाशे मीटर मी स्वतःच धावले (किंवा घड्याळ तरी धावलं), ते आयोजकांनी घातले नव्हते.

मला आज वाटतंय की क्रॅम्पचं खरं कारण जेल. २४ ला चौथं जेल काढताना हातातून पडलं आणि मागून इतके लोक येत होते की वाकायची सोय नव्हती. वाकले असते तर कोणीतरी अंगावरून गेलं असतं. मग पुढचं जेल थेट ३१ च्या नंतर. तेच नडलं असणार.

मंगळवार

ऑफिस. खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज येतो. बाकी काही नाही.

बुधवार

आज शेवटी स्प्लिट (टप्प्याटप्प्याच्या वेळा) उघडून बसले, रविवारपासून टाळत होते.

पहिले पाच किलोमीटर: २८:४५.

किलोमीटरला ५:४५. शनिवारी याच वहीत ‘६:३५, कितीही हलकं वाटलं तरी’ असं लिहिणारी बाई कोण होती मग? आठवायचा प्रयत्न केला. सुरुवातीला हलका उतार होता. तो हिरव्या बनियनवाला पुढे दिसत होता आणि मला वाटलं याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. घड्याळ किलोमीटरला वाजत होतं, मी बघत होते, आकडा दिसत होता, आणि मी स्वतःला म्हणत होते की आज पाय चांगलेत. पाय चांगले असणारच ना, दोन आठवडे टेपर केल्यावर कोणाचे पाय पाचव्या किलोमीटरला वाईट असतात?

हिशेब सोपा आहे, तो मी क्लबातल्या दोघांना समजावूनही सांगितलाय, हे विशेष. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साधारण दीड-दोन हजार कॅलरीचं. धावायला किलोमागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी, म्हणजे माझ्या ६२ किलोला ४२ किलोमीटर नेण्यासाठी अडीच हजारांच्या वर. तूट भरून काढायची ती चरबीतून आणि जेलमधून. पण पेस जितका चढवाल तितकं शरीर चरबी सोडून ग्लायकोजेनवर हात मारतं. म्हणजे पहिल्या पाचात मी तीन मिनिटं कमावली आणि त्या बदल्यात कोठार उपसलं. कोठार संपून पाय अडतात त्यालाच आम्ही ‘भिंत’ म्हणतो. जेल पडलं २४ ला, पण बँक बुडाली होती त्याच्या आधीच. उत्तरार्ध २:३६:२८. साडेसव्वीस मिनिटांनी हळू!

मग न राहवून काकांचे बघितले. पूर्वार्ध २:२०:१०, उत्तरार्ध २:१९:३०. चाळीस सेकंदांनी फास्ट. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टम २:००:३५ धावला तेव्हा त्याचेही दोन भाग असेच होते, ६०:४८ आणि मग ५९:४७. किप्टम आणि आमचे काका यांच्यात एवढं साम्य आहे हे मी ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या, काकांनी फक्त नमस्काराची.

शुक्रवार

नख निघणार बहुतेक.

आज ट्रेनिंगची नोंद मागे चाळत गेले. आता एकदा सुरू केलंच आहे तर पूर्णच बघावं म्हटलं. २९ किलोमीटरच्या वरच्या चार लाँग रन (लांब पल्ल्याच्या सरावाच्या धावा) ठरल्या होत्या. झाल्या दोन. एक तापामुळे बुडाली, ते जाऊ दे. दुसरी पावसाचं निमित्त करून २४ ला थांबवली आणि खाली लिहिलंय ‘२४ पण पुरेसे, फील चांगला’. फील चांगला!

आणि त्याच्याही मागे, चार महिन्यांपूर्वीची नोंद सापडली. हाफ मॅरेथॉन २:११ मध्ये केली त्या आठवड्याची. कोच म्हणाले होते, हाफच्या दुप्पट आणि वर पंधरा-वीस मिनिटं धरायची, म्हणजे तू ४:४० ची, काकांबरोबर राहा, ते तुला घेऊन जातील. मी हो म्हटलं. आणि त्याच दिवशी नाश्त्याच्या वेळी माझी लाँग रन पार्टनर म्हणाली ती ४:३० करणार आहे, तेव्हा मीपण सगळ्यांसमोर ४:३० म्हणून मोकळी झाले. (तिला झाले ४:२९, ती करणारच होती, तिच्या चारही लाँग रन पूर्ण आहेत.)

पण खरं सांगायचं तर आकड्याचं पण नव्हतं. मला काकांबरोबर धावायचं नव्हतं. वीस वर्षांनी मोठ्या माणसाच्या मागे मागे पाच तासांच्या आत-बाहेर पळत गेले असा फोटो यायला नको होता. हे लिहायला मला पाच दिवस लागले, आणि अजून कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी काकांना फोन केला, पायाची चौकशी करायच्या निमित्ताने. त्यांचं म्हणणं त्यांना काही विशेष दुखत नाहीये, रविवारी सहाला आठ किलोमीटर सावकाश जाणार आहेत, यायचं असेल तर ये. मी विचारलं, ‘काका, मी सुरुवातीलाच एवढी सुसाट पुढे गेले, तुम्ही हाक का नाही मारलीत?’

म्हणाले, ‘अगं, रांगेत एवढा वेळ उभी होतीस ना. मला वाटलं तुला परत टॉयलेटला जायचंय.’