होडीला कुठला पंखा बसवू?

पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या, की मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर मला हमखास विचारतात, "मोठो पंखो घातलो तर होडी जास्ती धावतली काय?" पंखा म्हणजे पाण्यात फिरून होडी पुढे ढकलणारा प्रोपेलर. तुम्हीही तेच विचारलंत. होडी १८ फुटी फायबरची, मागे बाहेरून टांगलेलं २५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन (आउटबोर्ड), पंखा १३ पिचचा, आणि हंगामात सात-आठ पर्यटक घेऊन डॉल्फिन दाखवायला जाता. पूर्वीसारखी होडी पाण्यावर उठत नाही, पेट्रोलही फार खाते, ही तुमची तक्रार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. व्यासाची चिंता तुम्ही करू नका. तो मशीनच्या पायाप्रमाणे, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाप्रमाणे, जवळजवळ ठरलेलाच असतो. निवड करायची ती पिचची. पाणी मागे सरकलंच नसतं, तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता तितका त्याचा पिच. तुमच्या ताकदीच्या बऱ्याच मशीनांत आतल्या गिअरमुळे इंजिनाचे दोनाहून किंचित जास्त (२.०८) फेरे झाले की पंख्याचा एक होतो. इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर धरलं तर १३ पिचचा पंखा कागदावर ताशी ५२ किलोमीटर देतो, ११ पिचचा ४४. हा हिशोब पाहूनच माणूस मोठ्या पिचच्या मोहात पडतो. पण पाणी सरकतं. हलक्या, पाण्यावर चढून पळणाऱ्या होडीत यातला दहा-वीस टक्के वेग वाया जातो, माणसांनी भरलेल्या होडीत त्याहून बराच जास्त. शिवाय ते ५,५०० फेरे इंजिन गाठतंय कुठे?

सगळं इथेच अडतं. प्रत्येक मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला किती फेरे यायला हवेत ते छापलेलं असतं. तुमच्यासारख्या मशीनला बहुधा ५,००० ते ६,०००. पंखा योग्य आहे की नाही याची माझ्या लेखी एकच खूण: होडी नेहमीच्या ओझ्याने भरलेली असताना, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या आसपास पोचतं की नाही. रिकाम्या होडीत एकट्याने चक्कर मारून पाहिलेले फेरे मला सांगूच नका. तुमचं पोट भरलेल्या होडीवर चालतं.

पिच जास्त असला तर इंजिन दबून चालतं. भरलेला टेम्पो फोंडाघाटात चौथ्या गिअरने चढवावा, तसं. आवाज जड येतो, होडीचं नाक वर राहतं, पेट्रोल जळत राहतं आणि आत काजळी धरते. बाहेरून काहीच मोडलेलं दिसत नाही, म्हणून माणूस वर्षानुवर्षं तसंच रेटत राहतो आणि चांगलं मशीन वेळेआधी संपतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एवढा महाग जिन्नस वाचवायला एक पंखा बदलणं पुरतं. उलट पिच फार कमी असला तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं. नव्या मशीनांत ते रोखणारी सोय असते, जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बहुधा नसते. तिथे जास्त जपा.

पिच एक इंचाने बदलला की फेरे साधारण दोनशेने बदलतात. तुमचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, भरलेल्या होडीत ४,८०० दाखवत असेल, तर ११ पिचला ५,२०० च्या आसपास याल, १० ला ५,४०० च्या. टॅकोमीटर नसेल तर तासाभरासाठी कुणाचा तरी मागून आणा. कानावर भरवसा ठेवून पंखा विकत घेऊ नये.

मात्र त्याआधी होडी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडा. चिकटलेले शिंपले आणि शेवाळ होडीला इतकं मागे धरतात, की निर्दोष पंख्यावरही आळ येतो. मशीनची उंचीही बघा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत हवी. फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो; वळताना फेरे एकदम चढतात, होडी मात्र जागच्या जागी.

धातूचं म्हणाल, तर आपल्याकडे मी ॲल्युमिनियमच सांगेन. स्टेनलेस स्टीलचं पातं पातळ, ताठ आणि वेगाला चांगलं, हे खरं. पण कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक. तिथे आदळल्यावर वाकायचं ते पात्यानेच वाकावं, पंखा फिरवणाऱ्या आतल्या शाफ्टने आणि गिअरने नव्हे. पंख्याच्या मध्यभागी धक्का सोसणारा रबरी बुश असतो. तो सुटला, तर हळू जाताना होडी चालते आणि थ्रॉटल वाढवला की नुसतं इंजिन ओरडतं. अशा वेळी पिच बदलून काही होत नाही. चार पात्यांचा पंखा सर्वोच्च वेग थोडा कमी करतो, पण भरलेल्या होडीला आणि मागून लाट येत असताना पाण्याची पकड चांगली देतो. भांडवल असेल तर जरूर विचार करा.

आणखी एक, न विचारता. पंखा काढाल तेव्हा शाफ्टवर गुंडाळलेली जाळ्याची नायलॉन तंगूस शोधा. ती ऑइल सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं कडं, कापते, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. तसं दिसलं तर सील बदलेपर्यंत होडी समुद्रात नेऊ नका. आणि माणसं पाण्यात उतरत किंवा चढत असतील तेव्हा इंजिन बंदच हवं, न्यूट्रलवर भागवू नका.

तर तुम्ही ११ चा आणा, शक्यतो थोडे दिवस लावून पाहायला म्हणून. आठ माणसं बसवा, भरती-ओहोटीच्या मधला ओढ नसलेला वेळ धरा आणि फेरे लिहून मला कळवा. ५,५०० च्या आसपास पोचला नाहीत तर १० चा बघू. जुना १३ चा विकू नका. नट, वॉशर, नट सुटू न देणारी नवी कॉटर पिन आणि पान्यासकट होडीतच ठेवा, वाळूवर पंखा मोडला तर हळूहळू जेटीपर्यंत यायला तो पुरेल.