हॅझॉपच्या खोलीत गप्प बसलेला माणूस

हॅझॉपला, म्हणजे प्लांटमध्ये कुठे काय बिघडू शकतं हे टीमने मिळून तपासायच्या मीटिंगला बसले की मी पी अँड आयडीच्या (पाइप आणि उपकरणांच्या ड्रॉइंगच्या) आधी खोलीतली माणसं बघते. प्रोसेसवाला असतो, इन्स्ट्रुमेंटवाला असतो, मेंटेनन्स, सेफ्टी सगळे असतात, पण रात्रपाळीत तो व्हॉल्व्ह प्रत्यक्ष हाताने फिरवणारा ऑपरेटर बरेचदा नसतो, आणि असला तरी कोपऱ्यात, त्याला कुणी काही विचारत नाही. मग नो फ्लो, मोअर फ्लो, रिव्हर्स फ्लो असे बिघाडाचे एकेक प्रकार भराभर संपवले जातात, सेफगार्डच्या (बचावाच्या उपायांच्या) कॉलममध्ये टाकीतली पातळी दाखवणारा लेव्हल ट्रान्समीटर लिहिला जातो, आणि तो ट्रान्समीटर कधीपासून चुकीचं दाखवतोय हे फक्त त्या कोपऱ्यातल्या माणसाला माहिती असतं.

म्हणून सेफ्टी वेगळी, ट्रेनिंग वेगळं आणि इन्क्लुजन, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं, ही एचआरने बघायची गोष्ट, ही वाटणीच मला मुळात पटत नाही.

फ्लिक्सबरोचं बघा. 1 जून 1974, इंग्लंड, सायक्लोहेक्झेन या ज्वलनशील द्रवाच्या ऑक्सिडेशनचा प्लांट. ओळीने सहा रिअॅक्टर, त्यातल्या पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथा-सहावा जोडायला 20 इंची बायपास टाकला, दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे घडीदार लवचिक जोड. त्या पाइपचं ड्रॉइंग काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं स्केच! पाइपला बाक होता, प्रेशर आल्यावर बेलोजवर कसा जोर येईल याचं कॅलक्युलेशन कुणी केलं नाही, कारण वर्क्स इंजिनिअरची जागा तेव्हा रिकामी होती आणि जे होते त्यांना हा प्रश्न पडण्याइतकं त्या विषयाचं शिक्षणच नव्हतं. बायपास फुटला, स्फोट झाला, 28 माणसं गेली. आपल्याला काय येत नाही हेच ज्यांना कळलं नाही ते लोक आळशी किंवा बेफिकीर नव्हते, काम चालू ठेवायला धडपडत होते, आणि म्हणूनच मला प्रोफेशनल डेव्हलपमेंट हा प्रमोशनपुरता विषय वाटत नाही. मॅनेजमेंट ऑफ चेंजचा, म्हणजे प्लांटमधला बदल आधी तपासून घ्यायचा फॉर्म आज आपण भरतो तो अशाच अपघातांमुळे, पण फॉर्मवर सही करणाऱ्याला प्रश्न विचारता आला पाहिजे ना.

दुसरं टेक्सास सिटी, अमेरिका, 23 मार्च 2005. रिफायनरीत रॅफिनेट स्प्लिटर, म्हणजे हायड्रोकार्बन वेगळे करणारा टॉवर, स्टार्टअपमध्ये ओव्हरफिल झाला, ब्लोडाउन या जादा द्रव बाहेर काढायच्या सिस्टिममधून पेट्रोलसारखं हायड्रोकार्बन बाहेर आलं आणि पेटलं. 15 जण गेले, पंधराही कॉन्ट्रॅक्टचे, युनिटजवळ उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये किंवा आसपास काम करणारे. शेजारचं युनिट स्टार्ट होतंय हे त्यांना सांगितलंच नव्हतं. कंपनीचे आणि कॉन्ट्रॅक्टचे अशी रेघ किती खोल जाते ते यात दिसतं. टूलबॉक्स टॉकला (कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बोलण्याला) त्यांना उभं करायचं, सह्या घ्यायच्या आणि स्टार्टअपचं शेड्यूल मात्र कळवायचं नाही, हे अजून चालतं आणि मला त्याचा खरंच राग येतो.

बायकांबद्दलही बोलायलाच हवं. मार्गारेट हचिन्सन रूसो, 1937 साली एमआयटीतून केमिकल इंजिनिअरिंगची डॉक्टरेट, पुढे पेनिसिलिनच्या पहिल्या कमर्शियल डीप-टँक (खोल टाक्यांमधल्या) फर्मेंटेशन प्लांटचं डिझाइन तिचं. आणि 1908 ला सुरू झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्सला पहिली महिला मेंबर मिळाली 1945 ला, तीच. आज मुली प्लांटवर आहेत, पण स्टोअरमध्ये रेस्पिरेटर मागितला की एकच साइझ पुढे येतो. चेहऱ्याला घट्ट न बसणारा मास्क कडेने गॅस आत घेतो, फिट टेस्टमध्ये ती नापास होते आणि मग तिलाच त्या एरियातून बाहेर ठेवतात, साइझ कुणी मागवत नाही. मोठे ग्लोव्हज घालून सॅम्पल पॉइंटचा छोटा व्हॉल्व्ह धरून बघा एकदा.

तुम्ही हॅझॉप चालवत असाल तर माझं एवढंच ऐका, प्रत्येक नोडवर, म्हणजे तपासायला घेतलेल्या प्लांटच्या प्रत्येक भागावर, पहिला प्रश्न ऑपरेटरला विचारा, मॅनेजर बोलायच्या आधी, कारण साहेबांचं मत आलं की खोली तिथेच बंद होते. त्याच्या भाषेत विचारा, इंग्रजी वर्कशीट स्क्राइब (नोंदी लिहिणारा) भरेल नंतर. आणि तारीख त्याची शिफ्ट बघून ठरवा, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला खुर्चीत बसवून त्याच्याकडून काय निघणार.