पिंजरा नं. ४ : मुठे येतात, जेवतात आणि निघून जातात

मंडळी, मुठे (म्हणजे भातखाचरातले, गोड्या पाण्यातले खेकडे) पिंजऱ्यातलं आमिष खातात, मग सकाळी पिंजरा रिकामा कसा? तीन आठवडे या प्रश्नाने डोकं खाल्लं, त्याचं उत्तर शनिवारी (१२ जुलै) रात्री पावणेअकराला या डोळ्यांनी बघितलं. मुठा पिंजऱ्यात शिरला, वीस मिनिटं आरामात आतडं खाल्लं आणि आल्या वाटेने बाहेर. वर जाताना एक तुकडा नांग्यात धरून, पार्सल.

मागचं थोडक्यात. नं. १ म्हणजे नायलॉनच्या जाळीचा, तो पहिल्याच रात्री मुठ्यांनी कात्रीने कापावा तसा कापला. नं. २ बांबूचा, बुरुडाकडून करून घेतलेला, दिसायला सगळ्यात देखणा, पण पाणी फुगलं त्या दिवशी जो गेला तो गेला. नं. ३ पासून अर्धा इंची जीआय वेल्ड मेश, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची जाळी. लांबी दोन फूट, रुंदी आणि उंची एकेक फूट, दोन्ही टोकांना आत शिरायला नरसाळं. ते चाललं म्हणून तसेच चार केले, त्या चौकडीला मी नं. ४ म्हणतोय. (ऑनलाइन मागवलेली 'स्टेनलेस' जाळी विसरा. आठ दिवसांत तांबूस झाली, विक्रेत्याचं उत्तर आलं की पाण्यात वापरू नका. खेकड्याचा पिंजरा कोरड्यात वापरू का? पाली गावातल्या हार्डवेअरवाल्याकडची साधी जीआय निम्म्या पैशात मिळाली आणि अजून धड आहे.)

तर ५ तारखेचा शनिवार. चारही पिंजरे लावले, कोंबडीची आतडी, प्रत्येकात मूठभर. रविवारी सकाळी चारही रिकामे आणि आतडी साफ. एकाही पिंजऱ्यात दोरासुद्धा शिल्लक नाही. म्हणजे मुठे येत नाहीत असं नव्हे, रात्रभर पंगती उठल्यात. त्याच्या आधीच्या आठवड्यातही असंच, पण तेव्हा मी मासे खातात, वाहून जातं वगैरे कारणं देत बसलो होतो.

पहिला संशय तोंडाच्या दिशेवर होता. सुरुवातीला मी नरसाळं वरच्या अंगाला ठेवायचो, पाणी येतं तिकडे, का तर मासे पकडायच्या सापळ्यांबद्दल अर्धवट ऐकलेलं. वास तर पाण्याबरोबर खाली जातो ना, मग मुठा येणार खालून वर. तोंड खालच्या बाजूला केलं आणि खरंच गिऱ्हाईक वाढलं, चिखलात पायांचे ठसे ढिगाने. पण आत टिकत कोणीच नाही. दुसरा संशय भोकावर. नरसाळ्याचं आतलं तोंड ११ सेंटीमीटर होतं, ते आठवर आणलं. फरक शून्य. सहावर आणलं तर मोठे आत येईनात आणि बारके येऊन जाऊन होते. उलट काम.

शेवटी आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकींना विचारलं. या कातकरीवाडीतल्या, पावसाळ्यात रात्री बत्ती घेऊन बांधावरून चालत हाताने मुठे उचलतात, पिंजऱ्याबिंजऱ्याची त्यांना गरजच नाही. माझा पिंजरा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "दादा, हा घर हाय का पिंजरा? दोन दोन दारं ठेवलीस, जातंय नि येतंय. तू बस ना रातचा, बघ तो काय करतो."

एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. इंजिनियरिंगचं शिक्षण वाया.

मग बसलो. बांधावर प्लास्टिकचं स्टूल, अंगात रेनकोट (काकींच्या इरल्याखाली जास्त कोरडं राहतं हे मान्य करतो), पायात गंबूट आणि हेडलॅम्पवर लाल जिलेटीन पेपर रबरबँडने. पांढऱ्या उजेडात ते दगडासारखे थिजतात किंवा बिळात पळतात, लाल उजेडाचं त्यांना फार काही वाटलेलं दिसलं नाही. गंबुटाबद्दल मागे दोघांनी चेष्टा केली होती म्हणून सांगतो, खाचरातल्या गढूळ पाण्यात पायाला कापलेलं असताना उघडं उतरू नका, लेप्टोचे (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) दिवस आहेत. आणि बिळात हात तर अजिबात नाही. बिळाच्या मालकाची खात्री कोण देणार?

साडेदहापर्यंत नुसते बेडूक. मग बांधाच्या कडेने एक मध्यम आकाराचा आला, काळपट जांभळी पाठ, उजवा नांगा डाव्याच्या दीडपट. नरसाळ्यापाशी थांबला, डोळ्यांच्या काड्या एकदा आत एकदा बाहेर, आणि आडवा होऊन सरकला आत. खाणं बघण्यासारखं असतं हो, मोठ्या नांग्याने धरून ठेवतो आणि छोट्याने चिमटी चिमटी तोडून तोंडात, अगदी पंक्तीतला सराईत ब्राह्मण. वीस मिनिटं. पोट भरल्यावर मला वाटलं आता तळाशी फिरत बसेल, कारण नरसाळ्याचं तोंड तळापासून पाच इंच वर आहे. तो तळाला गेलाच नाही. सरळ जाळीची भिंत चढला, छताला उलटा लटकून चालत चालत आला नरसाळ्याच्या वर, तिथून नरसाळ्याच्या पाठीवर उतरला, कडेला पाय अडकवून तोंडात वळला आणि बाहेर.

म्हणजे दोष भोकाच्या मापात नव्हताच. जाळीत होता. अर्धा इंची चौकोन म्हणजे मुठ्यासाठी शिडी. मी त्याला आतून चारही बाजूंनी आणि वरून शिडी लावून दिली होती आणि मग तो पळतो कसा म्हणून भोक मोजत बसलो होतो.

दुसरा आला सव्वाअकराला, मोठा, त्याने तेच केलं, फक्त उजव्या भिंतीवरून. तिसऱ्याचं बघायला थांबलो नाही. घरात गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन होता, तो राखेने घासून धुतला (वास राहिलाच थोडा), कटरने कापून त्याच्या गुळगुळीत पट्ट्या केल्या. एक पट्टी नरसाळ्याच्या आतल्या तोंडाला कॉलरसारखी, चार बोटं पुढे आलेली. बाकीच्या नरसाळ्याभोवती भिंतीला आणि छताला वीतभर, केबल टायने. दुसरं नरसाळं तारेने शिवून बंद, काकींचं ऐकून. रात्री एक वाजता पावसात केबल टाय ओढणे या प्रकारावर वेगळं लिहायला पाहिजे. हेडलॅम्पने तेवढ्यात जीव सोडला, आत पाणी. 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या तीनशेच्या लॅम्पचा हा तिसरा बळी, यापुढे काचेजवळ आणि बॅटरीच्या झाकणाला रबरी वायसर दिसल्याशिवाय विकत घेणार नाही.

बदल एकाच पिंजऱ्यात केला, मुद्दाम. बाकीचे तीन जुन्या पद्धतीचे, तेवढंच आतडं, त्याच बांधावर पंधरा-पंधरा पावलांवर.

रविवारी सकाळी सहाला : जुने तीन शून्य, एक, शून्य. कॅनवाला, चार!

चार म्हणजे काही पोतं नाही, माहितीये. पण त्याआधीच्या तीन आठवड्यांत मिळून आत राहिलेला एकूण एक मुठा होता आणि तोसुद्धा पाय अडकला म्हणून. पिंजरा उचलल्यावर तो जो खडखडाट होतो ना जाळीवर नांग्यांचा, तो ऐकायला सकाळी सहाला भिजत उभं राहायची तयारी आहे माझी.

चारात एक मादी होती. पोटाखालचं रुंद झाकण जरा उचललं तर आत मुगाएवढी पिल्लं, खच्चून भरलेली, प्रत्येकाला आठ पाय दोन नांगे सगळं जागच्या जागी. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची गंमत हीच, खाडीतल्या चिंबोरीसारखी यांची पिल्लं अळीच्या रूपात पाण्यावर तरंगत फिरत नाहीत, अंड्यातून थेट खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. तिला हळूच बिळाशी सोडली. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं असलेली मादी परत, हा माझा नियम आहे. पिंजऱ्याच्या खालच्या कडेला २५ मिलीमीटरची फट पण ठेवलीये, बारके आपापले निघून जातात. बांधाला भोकं पाडतात आणि रोपं कापतात म्हणून शेतवाला म्हणतो सगळे घेऊन जा, पण पुढच्या वर्षी मला पण यायचंय.

आता दुसरं दुखणं, पाण्याची पातळी. ओहोळात ठेवलेला पिंजरा मी तिकडून कायमचा हलवलाय. दोन आठवड्यांपूर्वी रात्रीत पाणी दोन फूट चढलं आणि सकाळी त्यात साडेतीन फुटी दिवड (पाणसाप). मासे-बेडकांच्या नादाने शिरलेली असणार. वरच्या कोपऱ्यात जेमतेम दोन बोटं हवा होती, तिथे नाक लावून बसलेली, म्हणून वाचली. सोडताना माझ्याकडे बघून जो फुत्कार टाकला तो मला योग्यच वाटला. बिनविषारी असली तरी चावते जोरात, काठीने दार उघडा. दिवड काय, कासव काय, दोन्ही कायद्याने संरक्षित आणि दोघांनाही श्वासाला वर यावं लागतं. पूर्ण बुडालेला पिंजरा रात्रभर ठेवणं म्हणजे मारण्याचीच सोय. म्हणून नियम, वरचा एक तृतीयांश भाग कायम पाण्याबाहेर.

ओहोळात ते जमत नाही. छताला रिकाम्या बाटल्या बांधून तरंगता ठेवायचा प्रयोग केला तर तो नाचत राहतो, मुठे जवळ येत नाहीत. उत्तर परत काकींकडून, तेही बोलता बोलता. खाचरातून पाणी जिथे बांधाचं तोंड फोडून खालच्या खाचरात सोडलेलं असतं तिथे ठेव म्हणाल्या. बरोबरच आहे, तिथे पातळी पाऊस ठरवत नाही, त्या तोंडाची उंची ठरवते. कितीही कोसळला तरी जास्तीचं पाणी वरून निघून जातं, शनिवारी रात्रभर धुवांधार होता, पातळी वाढली इनमिन तीन बोटं. शिवाय धार कायम चालू म्हणजे वास कायम खाली जातोय. फक्त शेतवाल्याला विचारून, लावणी चालू असताना त्याचं तोंड तुमच्या पिंजऱ्याने तुंबलं तर तुमचं तोंड बघणार नाही तो.

आमिषाचं सांगायचं राहिलं. कोंबडीची आतडी एक नंबर. सुक्या बोंबलाची डोकी दोन तासांत विरघळून जातात, बांगड्याचं डोकं चांगलं पण महाग पडतं. या वेळी आतडी मोकळी न टाकता मसाल्याच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडून तिच्यात भरली एका पिंजऱ्यात. वास येतो, खायला चिमूटभरच मिळतं, मग तिथेच रेंगाळतात. ज्या जुन्या पिंजऱ्यात एक सापडला तो हाच, त्यामुळे पुढच्या वेळी डबी सगळीकडे.

पुढचा बेत असा होता की चारही पिंजऱ्यांना ११० मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कॉलर म्हणून बसवायचे, कॅनची पट्टी नांग्याने चावून झालीये एका कडेला. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आडव्या नरसाळ्याचा हट्टच कशाला. त्याला चढायला आवडतं ना, मग चढू दे की बाहेरून! बाहेरच्या बाजूने जाळीचा उतार, वर छताच्या मधोमध पाइपचा तुकडा उभा, आतल्या बाजूला वीतभर लोंबणारा. मुठा शिडीने वर येणार, वासावर डोकावणार आणि गुळगुळीत पाइपातून धप्. छतावरून उलटा चालत आला तरी लोंबत्या पाइपाच्या बाहेरच्या अंगाला पकड नाही. तोंड पाण्याच्या वर, म्हणजे पिंजरा एक तृतीयांश बाहेर ठेवण्याशी भांडण पण नाही, हे जमिनीवर निवांत फिरणारे प्राणी आहेत. पाइप आतून पॉलिश पेपरने घासायचा नाही हे लक्षात ठेवा (मी घासणार होतो, सवयीने).

त्याआधी बादली जमिनीत पुरायची आयडिया पण डोक्यात येऊन गेली. पावसात ती तासाभरात काठोकाठ भरेल आणि मुठे पोहत नाही तर चालत बाहेर येतील, भोकं पाडली तर खालून चिखल. रद्द.

दोन पाइपवाले, दोन कॅनवाले असं शनिवारी १९ ला लावतो. म्हाताऱ्या पावसाची (पुष्य नक्षत्र) सुरुवात त्याच सुमारास आहे, तरणा (पुनर्वसू) तर आत्ता धिंगाणा घालतोय. २४ ला अमावास्या आणि २५ पासून श्रावण, घरात मग महिनाभर भांड्यालासुद्धा मुठा लागू देत नाही आई, म्हणजे हातात खाण्यालायक एकच वीकेंड. (अमावास्येचे मुठे भरलेले आणि पौर्णिमेचे पोकळ म्हणतात. कॅनवाल्यातले हे तिघे पौर्णिमेनंतर दोनच दिवसांनी धरलेले आणि नांगे गच्च भरलेले निघाले. पण तीन मुठ्यांवरून काय ठरवणार.)

तिघांचं कालवण झालं, पाय वाटून गाळलेल्या पाण्यात, रटरटा उकळून. अर्धकच्चं ठेवू नका, गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुफ्फुसात जाणारा कृमी असू शकतो. एक वाटी काकींकडे दिली. त्यांनी त्याच रात्री हाताने अठ्ठावीस पकडले होते.