प्रोसेसर नव्वदवर गेला तर घाबरायचं का?

ठाण्यात लॅपटॉप दुरुस्त करताना गेम खेळणाऱ्या मुलांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, एकच प्रश्न येतो: खेळताना प्रोसेसर नव्वद अंशांवर जातो, लॅपटॉप जळेल का? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

नाही जळणार. इंटेलच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरची मॉडेलनुसार 95 ते 105. तुमच्या मॉडेलची मर्यादा कंपनीच्या साइटवर मिळते. ती गाठली की चिप आपणहून वेग कमी करते, म्हणजेच थ्रॉटल होते. तरीही तापत राहिली तर लॅपटॉप बंद पडतो.

म्हणून नुसता आकडा बघू नका, वेगही बघा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून गेम अर्धा तास चालू द्या. तापमान मर्यादेच्या पाच-दहा अंश खाली आणि वेग स्थिर असेल, तर बिनधास्त खेळा. तापमान मर्यादेला चिकटलंय, वेग पडतोय, गेम अडखळतोय, तर बहुधा हवा कुठेतरी अडतेय.

घोडबंदर रोडवरच्या एका मुलाचा लॅपटॉप असाच आला. वरून पंखा स्वच्छ. पंखा काढला, तर मागच्या बारीक पत्र्यांवर धूळ आणि गादीच्या कापसाचा राखाडी थर, चिमट्याने अख्खा उचलून आला. हवा जाणार कुठून? पोरगा गादीवर ठेवून खेळायचा आणि खिडकीसमोर बांधकाम चालू होतं. साफसफाई केली, चिपची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, वेग परत आला.

मे महिन्याची तुलना मात्र जानेवारीशी करू नका. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. अशा वेळी कूलिंग पॅड (खाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) घेण्याआधी लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला, गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम 60 वर बांधा. विंडोजमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 99 टक्के केलं की बहुतेक लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वरचा जादा वेग, बंद होतो. थोडा वेग जातो, पण तापमान झटकन उतरतं. वॉरंटी असेल तर पाठ स्वतः उघडू नका.

मला खरी काळजी असते बॅटरीची. चिप जी उष्णता सहज सोसते, ती बॅटरीला सोसत नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते; त्याच क्षणी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. तोवर एकही गेम नको.