घरच्या इंटरनेटची दुसरी वाट

दुसरी जोडणी घेण्यापूर्वी पहिली का बंद पडते हे नीट पाहावे, असे माझे ठाम मत आहे. माझे सगळे काम घरूनच चालते आणि घरातल्या ज्येष्ठांना डॉक्टरांचा सल्लाही आता व्हिडिओवरच मिळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ सोयीचा राहिलेला नाही. इंटरनेट खंडित होण्याची कारणे ढोबळमानाने तीन ठिकाणी असतात: घरातली वीज, घरापर्यंत आलेली तार आणि सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रणा. यांतले पहिले कारण सर्वांत स्वस्तात दूर होते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

घरोघरी येणारे फायबर (प्रकाशातून माहिती नेणारी काचेची बारीक तार) बहुतेक वेळा ज्या पद्धतीने टाकलेले असते, तिच्यात वाटेवर प्रकाश विभागणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. त्यामुळे परिसरातली वीज गेली, तरी कंपनीच्या केंद्रात बॅटरी असेल आणि आपल्या घरातली ओएनटीची पेटी (फायबरमधला प्रकाश राउटरला समजणाऱ्या विद्युत संकेतांत बदलणारे उपकरण) व राउटर चालू असतील, तर इंटरनेट सुरू राहते. या दोन्ही उपकरणांना मिळून साधारण १५ ते २० वॅट लागतात. म्हणजे चार तासांसाठी ६० ते ८० वॅट-तास, आणि वाया जाणारी ऊर्जा धरून त्याहून थोडी अधिक क्षमता घ्यावी. ही उपकरणे बहुधा १२ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यावर चालत असल्याने, संगणकासाठीच्या मोठ्या यूपीएसपेक्षा थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस तेवढ्याच क्षमतेच्या बॅटरीवर अधिक काळ पुरतो, कारण बॅटरीची वीज आधी एसी आणि मग पुन्हा डीसी करण्यातले नुकसान टळते. मात्र अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचल्याशिवाय तो जोडू नये.

तार तुटण्यावरचा उपाय निवडताना खरी कसोटी एकच: दुसरी वाट पहिलीपासून किती स्वतंत्र आहे? दोन कंपन्यांचे फायबर घेतले, परंतु दोन्ही तारा एकाच खांबावरून किंवा एकाच नळीतून येत असतील, तर एका खोदकामात दोन्ही जातात. मोबाइल जोडणी त्या मानाने वेगळी असते. तरीही टॉवरपर्यंतचे दळणवळण पुष्कळदा फायबरवरूनच होते, म्हणून सिमकार्ड शक्यतो दुसऱ्या कंपनीचे घ्यावे आणि ते ज्यात घालायचे तो मॉडेम जिथे ठेवायचा आहे तिथेच सिग्नल मोजून पाहावा. आरएसआरपी हा मोबाइल सिग्नलची ताकद सांगणारा आकडा (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) उणे १०० डीबीएमच्या वर असेल तर काम सहसा नीट चालते. तो उणे ११०च्या खाली जात असेल, तर मॉडेम खिडकीजवळ हलवावा किंवा बाहेरचा अँटेना लावावा. जिथे मोबाइलची रेंजच नाही, तिथे काही शे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांची सेवा उपयोगी पडते, पण तिची डिश राउटरच्या कित्येक पट वीज घेते आणि बॅटरीचा सगळा हिशेब बदलतो.

आता राउटर. दोन वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) जोडण्या सांभाळणारा राउटर आपोआप बदल करतो, परंतु बदल कधी करायचा हे तो कशावरून ठरवतो, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बाहेर फायबर तुटले, तरी ओएनटी आणि राउटर यांच्यामधली केबल शाबूतच असते. केवळ तेवढेच पाहणाऱ्या राउटरला सारे काही सुरळीत दिसते आणि तो जागचा हलत नाही. म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ यांसारख्या किमान दोन बाहेरच्या पत्त्यांना ठरावीक वेळाने पिंग करण्याची, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहण्याची, सोय असलेलाच राउटर घ्यावा. एकच पत्ता दिला, तर त्या पत्त्यावरचा बिघाडसुद्धा आपल्या घरचा ठरतो. लागोपाठ तीन-चार पिंग चुकल्यावर बदल व्हावा आणि मूळ जोडणी काही मिनिटे स्थिर राहिल्यानंतरच राउटरने तिच्याकडे परतावे. अन्यथा अर्धवट सुधारलेल्या लाइनवर घर सतत इकडून तिकडे फिरत राहते.

बदलाच्या क्षणी बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवर आपली जोडणी ज्या आकड्याने ओळखली जाते तो) बदलतो, त्यामुळे चालू असलेला व्हिडिओ कॉल काही सेकंद तुटून पुन्हा जुळतो. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक ठेवत असल्यामुळे घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही. त्यासाठी घराकडून बाहेर जाणारा व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारा सुरक्षित खासगी मार्ग) लागतो. वायरगार्डसारखा व्हीपीएन पत्ता बदलला तरी टिकून राहतो, म्हणून मी त्याला पसंती देतो. डेटाची मर्यादा असेल, तर पर्यायी जोडणीवर छायाचित्रांचा क्लाउड बॅकअप आणि संगणकाचे अपडेट बंद ठेवावेत.

चाचणी घेताना राउटरची केबल काढू नये, कारण तो सोपा प्रसंग आहे. फायबरचा जोड ओएनटीच्या बाजूने हलक्या हाताने काढावा, टोकाला बोट लावू नये, त्यावर धूळ बसू देऊ नये, आणि दुसरी जोडणी सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. त्याच वेळी मुख्य वीजपुरवठाही बंद करून बॅटरी प्रत्यक्षात किती तास चालते, हे पाहून घ्यावे. ही चाचणी दर काही महिन्यांनी करावी लागते, कारण बॅटरीची क्षमता हळूहळू घटत जाते आणि दीर्घकाळ न वापरलेले सिमकार्ड कंपनी बंदही करू शकते.