पेट्रोल वाढवलं तरी लीनच

मी इंजिनाचं पेट्रोल वाढवलं आणि मीटरवरचा, पेट्रोलच्या किती पट हवा आहे ते सांगणारा आकडा उतरायच्या ऐवजी उलटाच चढला. १३.९ चे १४.४ झाले. खरं तर तिथेच लॅपटॉप मिटायला हवा होता. मी आणखी चार टक्के पेट्रोल ओतलं.

बोट दोन इंजिनांची. दोन्ही व्ही-८, प्रत्येकी ८.२ लिटरची. मालकांनी दोन्हींत नवे, जास्त तापट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बसवून घेतले होते आणि त्यांना जुळेल असा इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. डावं इंजिन तासाभरात जमलं: ४,६०० आरपीएम, थ्रॉटल पूर्ण उघडा, मीटरवर १२.२, काटा जागचा हलेना. तोच मॅप उजव्या इंजिनात घातला. खाली सगळं ठीक, पण चार हजारांच्या वर गेलं की त्याच्या बाहेरच्या बाजूच्या चार सिलिंडरचा आकडा लीनकडे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी या बाजूला, सरकायचा.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते, त्यामुळे १४.४ हा आकडा कागदावर काही वाईट दिसत नाही. रस्त्यावरच्या गाडीत आरामात चालताना तो चालतोही. पण बोटीला उतार नसतो, सिग्नल नसतो. पाणी सतत मागे ओढत असतं, म्हणजे न संपणाऱ्या घाटात गाडी चढवत राहावी तसं. म्हणून पूर्ण लोडवर आम्ही बारा-साडेबाराच्या आसपासच थांबतो. जास्तीचं पेट्रोल आतली उष्णता खातं आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) लांब ठेवतं. पूर्ण थ्रॉटलला १४.४ वर धावणाऱ्या इंजिनाचे पिस्टन मी पाहिले आहेत. कडेला मेणबत्ती वितळावी तसे दिसतात. म्हणूनच घाबरून पेट्रोल ओतत होतो.

दुसऱ्यांदा वाढवल्यावर १४.९. थ्रॉटल खाली घेतला आणि बोट धक्क्याला आणली.

पहिला संशय मीटरला आकडा पुरवणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर, आणि त्याला कारणही होतं. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला समुद्राचं पाणी सोडलेलं असतं. तापट कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, एक्झॉस्टचा श्वास उलटा फिरतो आणि ते पाणी वर ओढलं जातं. सेन्सरचं टोक सातशे अंशांच्या वर तापलेलं असतं. त्यावर थेंब पडला की आतलं सिरॅमिक तडकलंच. मालकांनी आधी असे दोन सेन्सर घालवले होते आणि डब्यात जपून ठेवले होते. एक कानाशी धरून हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं. म्हणून या वेळी मी सेन्सर पाण्याच्या बराच वर, मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळाजवळ) घेतले होते. टोक खाली, थोडं तिरकं, म्हणजे ओल साचणार नाही. आयडलही जरा वर ठेवलं होतं.

तरीही काढून मोकळ्या हवेत तपासला. ऑक्सिजन २०.९ टक्के, हवेत असतो तेवढाच. ठणठणीत. डाव्या इंजिनाचा सेन्सर उजव्याला लावून परत एक फेरी मारली, दुखणं उजवीकडेच राहिलं. इंधनाचं प्रेशर पाहिलं, तेही बरोबर. म्हणजे इंजिन खरोखरच लीन आहे असं माझं पक्कं मत झालं, आणि इंजेक्टर काढायची तयारी सुरू केली.

तेवढ्यात बरोबरचा पोरगा बोटीची मागची बाजू पुसत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याची सवय. म्हणाला, "दादा, हे बघा." फडक्याचं एक टोक जवळजवळ स्वच्छ, दुसरं काजळासारखं काळं. काळं टोक उजव्या एक्झॉस्टच्या वरचं. नाकाशी नेलं तर कच्च्या पेट्रोलचा वास.

लीन इंजिन काजळी कशी ओकेल? वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला हे फडक्यावरून कळावं, याची लाज वाटली.

प्लग काढले. तीन बिस्किटाच्या रंगाचे, चौथा ओला, काळाकुळकुळीत. मग अंधार पडेपर्यंत थांबलो. इंजिनाजवळची कोंडलेली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चांगला दहा मिनिटं चालवला, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) नाक घालून वास नाही याची खात्री केली (पेट्रोलच्या बोटीत हे आधी, बाकीचं नंतर), इंजिन चालू केलं आणि बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला. चौथ्या वायरीवरून मॅनिफोल्डकडे निळी ठिणगी टकटक उडत होती. कॅम बदलताना ती वायर कुणीतरी क्लिपमध्ये परत बसवलीच नव्हती. क्लॅम्पला घासून तिचं आवरण गेलं होतं. लोड वाढून सिलिंडरमधला दाब चढला की ठिणगीला प्लगच्या फटीतून जाण्यापेक्षा हीच वाट सोपी पडायची.

पुढचा हिशोब सरळ आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. ज्या फेरीत ठिणगी चुकली, त्या फेरीतली सगळी हवा न जळता बाहेर पडली, आणि बाकी तीन सिलिंडरच्या धुरात मिसळून सेन्सरपुढे आली. तिच्याबरोबरचं पेट्रोलही आलं, पण ते बहुतेक तसंच निसटून गेलं. मीटरने ऑक्सिजन पाहिला आणि लीन म्हटलं. मी पेट्रोल वाढवलं, प्लग आणखी भिजला, ठिणगी आणखी वेळा चुकली, ऑक्सिजन आणखी वाढला. त्या वेळी एकेका सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान समोर असतं तर चौथा थंड पडलेला लगेच दिसला असता. त्या बोटीत ते मीटर नव्हते, आणि मीही आग्रह धरला नव्हता. आता धरतो.

वायरींचा पूर्ण संच बदलला, आठही प्लग नवे घातले, मॅपमध्ये मी वाढवलेलं सगळं परत काढलं. सकाळी ४,६०० ला १२.१. म्हणजे पहिला मॅपच बरोबर होता.

डिपस्टिक काढून हुंगली तेव्हा तेलाला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून तेल आणि फिल्टरही बदलले. बिल बघताना मालकांनी विचारलं, "तेल बदललंत, पण इथे लावलेलं नाही?"

"त्यात पेट्रोल उतरलं होतं."

"वायरीमुळे?"

"थोडं वायरीमुळे," मी म्हणालो. "बाकीचं मी घातलं."